विनंती-अग्रेषण व पत्ता-जुळणी

वेब सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलींतील दोन परस्परसंबद्ध क्रिया. ब्राउझरकडून आलेल्या विनंतीतील पत्ता (यूआरएल) वाचून ती विनंती कोणत्या फाइलीने किंवा आज्ञावलीने हाताळावयाची हे ठरविण्याच्या क्रियेस पत्ता-जुळणी म्हणतात. एका आज्ञावलीने विनंतीवर काही काम करून उरलेले काम सर्व्हरच्या आतल्या आत दुसऱ्या आज्ञावलीकडे सोपविणे म्हणजे विनंती-अग्रेषण होय. याहून वेगळी अशी तिसरी क्रिया म्हणजे पुनर्निर्देशन (रीडिरेक्ट). तीत सर्व्हर ब्राउझरला नवा पत्ता कळवितो व ब्राउझर त्या पत्त्यावर नव्याने विनंती करतो. कचेरीत आलेला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि अर्जदाराला त्याचा पत्ताही लागत नाही, हे अग्रेषण. अर्जदारालाच ‘अमुक कचेरीत जा’ असे सांगून परत पाठविणे, हे पुनर्निर्देशन. या दोहोंतील फरक नीट न कळल्याने उद्‌भवणाऱ्या दोषांची संख्या मोठी आहे.

या क्रियांचा इतिहास म्हणजे पत्ता आणि फाइलीची प्रत्यक्ष जागा यांच्यातील नाते टप्प्याटप्प्याने सैल होत गेल्याचा इतिहास होय. प्रत्येक टप्प्यावर पत्त्याचा अर्थ लावणारा एक नवा थर सर्व्हरमध्ये आला. त्यामुळे पत्त्यांची रचना अधिक मोकळेपणाने करता येऊ लागली. पण एकाच पत्त्याचा अर्थ दोन थरांनी वेगवेगळा लावण्याची शक्यताही वाढली. ‘पान सापडले नाही’ असा जो संदेश वाचकाला दिसतो, त्याचे कारण बहुधा एखाद्या थरात नसून दोन थरांच्या सांध्यात असते. दोषशोधनाची पद्धतही याच इतिहासातून घडत गेलेली आहे.

प्रारंभ : वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली (१९५५– ) यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या भौतिकीय संशोधनसंस्थेत मांडली. १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर तेथे चालू झाला. त्या काळी पत्त्यातील मार्ग (यजमान संगणकाच्या नावानंतरचा, तिरक्या रेघांनी विभागलेला भाग) हा बहुतांशी सर्व्हरवरील फाइलीचाच मार्ग असे. पत्त्यात ‘/अहवाल/१९९१’ असे असेल, तर सर्व्हर त्याच नावाच्या कप्प्यातील त्याच नावाची फाइल उघडून पाठवीत असे. एचटीटीपी या संदेशनियमावलीच्या १९९१ मधील पहिल्या रूपात विनंती एका ओळीची होती व प्रतिसादात केवळ पानाचा मजकूर येई. चूक झाल्यास तिचे वर्णनही साध्या मजकुराच्याच रूपाने येत असल्याने तो प्रतिसाद योग्य आहे की चुकीचा, हे मजकूर वाचल्याखेरीज कळण्याची सोय नव्हती.

ही उणीव तीन अंकी स्थितिक्रमांकांनी भरून निघाली. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात त्यांची पद्धतशीर नोंद आहे. २०० ने सुरू होणारे क्रमांक यश, ३०० चे पुनर्निर्देशन, ४०० चे विनंती करणाऱ्याकडील चूक आणि ५०० चे सर्व्हरकडील चूक दर्शवितात. ‘४०४’ हा क्रमांक सर्नमधील एका खोलीच्या क्रमांकावरून आला ही आख्यायिका निराधार आहे. तो या वर्गीकरणातील एक अनुक्रमांक आहे. पत्त्याची लेखनपद्धती डिसेंबर १९९४ मध्ये आणि तिचे सुधारित रूप जानेवारी २००५ मध्ये प्रमाणित झाले. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने विनंतीसोबत यजमानाचे नाव (होस्ट) पाठविणे सक्तीचे केले. त्यामुळे एकाच संगणकावर अनेक संकेतस्थळे नांदू लागली आणि मार्गाच्या जुळणीआधी यजमानाच्या नावाची जुळणी ही आणखी एक पायरी निर्माण झाली. नावाची जुळणी न झाल्यास सर्व्हर बहुधा आपल्या ठरलेल्या मूळ संकेतस्थळाकडे विनंती वळवितो. त्यामुळे वाचकाला भलत्याच संकेतस्थळाचे पान दिसते.

सीजीआय आणि पत्ता-पुनर्लेखन : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत रॉब मकूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरबरोबर १९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत पुढे आली. तीत विशिष्ट कप्प्यातील (प्रथेने ‘सीजीआय-बिन’) फाइल वाचून पाठविण्याऐवजी ती आज्ञावली म्हणून चालविली जाई आणि तिने निर्माण केलेला मजकूर उत्तर म्हणून जाई. पत्ता आणि फाइल यांच्या एकरूपतेला गेलेला हा पहिला तडा होय. ‘/सीजीआय-बिन/शोध/ग्रंथ’ या पत्त्यात ‘शोध’ ही आज्ञावली असते व ‘/ग्रंथ’ हा तिला दिलेला अधिक मार्ग असतो. पत्त्याचे सर्व्हरने ओळखलेला भाग आणि आज्ञावलीने समजून घ्यावयाचा भाग असे दोन तुकडे येथे प्रथम पडले. पुढील सर्व पद्धतींत ही विभागणी कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून आहे.

एनसीएसए सर्व्हरच्याच पायावर १९९५ मध्ये अपाची सर्व्हर तयार झाला. त्यासाठी राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये ‘मॉड-रीराइट’ हा विभाग लिहिला व १९९७ मध्ये तो अपाची गटाच्या स्वाधीन केला. आलेल्या पत्त्याची नमुन्यांशी तुलना करून त्याचे दुसऱ्या पत्त्यात रूपांतर करणारे नियम या विभागामुळे लिहिता येऊ लागले. वाचकाला सुटसुटीत पत्ता दिसावा व आत मात्र लांबलचक पत्त्याने आज्ञावली चालवावी, ही सोय त्यामुळे झाली. मात्र हे नियम संपूर्ण सर्व्हरसाठी लिहिले असता एक आणि विशिष्ट कप्प्यापुरते लिहिले असता दुसरा अर्थ होतो. कप्प्यापुरत्या नियमांत पत्त्याचा आरंभीचा भाग आधीच गळालेला असतो. शिवाय रूपांतरित पत्ता पुन्हा आरंभापासून तपासला जातो व तेच नियम त्यावर पुन्हा लागू होऊ शकतात. त्यातून अंतहीन आवर्तन होऊ नये म्हणून अपाची सर्व्हर नेहमीच्या मांडणीत अशा दहा आंतरिक फेऱ्यांनंतर थांबतो आणि ‘५००’ क्रमांकाची चूक कळवितो.

पीएचपी भाषेत लिहिलेल्या व २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेससारख्या प्रणाली याच सोयीवर अवलंबून राहिल्या. अशा संकेतस्थळाचे मुखपृष्ठ दिसते, पण आतील एकही पान सापडत नाही, असा अनुभव आल्यास कप्प्यापुरते नियम वाचण्याची परवानगी सर्व्हरला दिलेली नाही, हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. मुखपृष्ठ ही खरीखुरी फाइल असते. आतील पत्त्यांना मात्र नियमांवाचून अस्तित्वच नसते.

सर्व्हलेट : सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९७ मध्ये जावा भाषेसाठी सर्व्हलेट ही पद्धती आणली. सीजीआयमध्ये सामान्यतः प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू करावी लागे. सर्व्हलेट मात्र सर्व्हलेट-धारकात (कंटेनरमध्ये) सतत वसलेले असे. १९९८ मधील २.१ या आवृत्तीत विनंती-अग्रेषणाची औपचारिक सोय झाली. १९९९ मधील २.२ या आवृत्तीने ‘वेब अनुप्रयोग’ ही संकल्पना रूढ केली : एका अनुप्रयोगाच्या सर्व फाइली एकत्र बांधावयाच्या, त्याला सर्व्हरवर स्वतःचा एक संदर्भमार्ग द्यावयाचा आणि पत्त्यांची जुळणी ‘वेब डॉट एक्सएमएल’ या एका फाइलीत नोंदवावयाची. या आवृत्तीचा आदर्श नमुना म्हणून टॉमकॅट हा सर्व्हर पुढे आला. त्याचे मूळ लेखन जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सनमध्ये केले होते व १९९९ मध्येच तो अपाची संस्थेकडे सुपूर्त झाला.

सर्व्हलेट-धारक पत्त्याची जुळणी चार पायऱ्यांनी करतो. प्रथम तंतोतंत जुळणारा नमुना पाहिला जातो. तो नसल्यास ‘/विद्यार्थी/*’ यासारख्या मार्ग-नमुन्यांपैकी सर्वांत लांब जुळणारा घेतला जातो. तोही नसल्यास ‘*.जेएसपी’ यासारखा, पत्त्याच्या शेवटावर आधारलेला नमुना पाहतात. आणि काहीच न जुळल्यास केवळ ‘/’ या नमुन्याचे मूळ सर्व्हलेट काम हाती घेते. नियमांचा क्रम फाइलीतील नोंदींच्या क्रमावर अवलंबून नसतो. तारकाचिन्ह मधे घातलेला ‘/विद्यार्थी/*/गुण’ हा नमुना अनेकांस सर्वसमावेशक वाटतो. पण सर्व्हलेट-धारक त्यास तारकाचिन्हासह अक्षरशः तंतोतंत नमुना समजतो व तो प्रत्यक्षात कधीच जुळत नाही. आरंभीची तिरकी रेघ विसरल्यास टॉमकॅट तो नमुना अवैध ठरवितो, अनुप्रयोग सुरूच होत नाही आणि एका नोंदीतील चुकीमुळे त्या अनुप्रयोगाचे सर्वच पत्ते ‘४०४’ देऊ लागतात. अशा वेळी मागितलेल्या पत्त्यात दोष शोधणे व्यर्थ असते. सर्व्हर सुरू होतानाच्या नोंदी पाहाव्या लागतात.

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ उडविणारे चिन्ह म्हणजे आरंभीची तिरकी रेघ. संदर्भमार्ग ‘/महाविद्यालय’ आहे असे समजू. अग्रेषणात ‘/निकाल’ असे लिहिल्यास त्या रेघेचा अर्थ ‘या अनुप्रयोगाच्या मुळापासून’ असा होतो व विनंती ‘/महाविद्यालय/निकाल’ येथे पोहोचते. पुनर्निर्देशनात तेच लिहिल्यास रेघेचा अर्थ ‘संपूर्ण सर्व्हरच्या मुळापासून’ असा होतो व ब्राउझर अनुप्रयोगाच्या बाहेर पडतो. पानातील दुव्यांत व प्रपत्रांतही ती रेघ दुसऱ्याच अर्थाने वाचली जाते, कारण तिचा अर्थ ब्राउझर लावतो आणि ब्राउझरला संदर्भमार्गाची कल्पनाच नसते. अनुप्रयोगाला संदर्भमार्ग नसताना या तिन्ही अर्थांचा परिणाम एकच असतो. म्हणून विकसकाच्या संगणकावर निर्दोष चाललेला अनुप्रयोग दुसऱ्या सर्व्हरवर वेगळ्या संदर्भमार्गाने बसविताच बिघडतो.

अग्रेषणातील दोष : अग्रेषणात विनंती एकच राहते, त्यामुळे पहिल्या सर्व्हलेटने तिला जोडलेली माहिती दुसऱ्याला मिळते. पुनर्निर्देशनात दुसरी विनंती सर्वस्वी नवी असते व ती माहिती नाहीशी होते. पुढच्या पानावर अपेक्षित नावे किंवा आकडे कोरे दिसू लागले, तर अग्रेषणाच्या जागी पुनर्निर्देशन झाले आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. उलटपक्षी, रक्कम भरण्याच्या प्रपत्रानंतर अग्रेषण केल्यास ब्राउझरमधील पत्ता जुनाच राहतो आणि वाचकाने पान ताजे केल्यास तेच प्रपत्र दुसऱ्यांदा जाऊ शकते. म्हणून माहितीत बदल घडविणाऱ्या विनंतीनंतर पुनर्निर्देशन व केवळ दर्शनासाठी अग्रेषण, असा संकेत रूढ झाला.

उत्तराचा भाग ब्राउझरकडे रवाना झाल्यानंतर अग्रेषण करता येत नाही. तसे केल्यास सर्व्हलेट-धारक अवैध अवस्थेची चूक नोंदवितो. या चुकीचे नेहमीचे कारण साधे असते. अग्रेषणाची आज्ञा दिल्याने चालू आज्ञावली आपोआप संपत नाही. पुढील ओळी चालतच राहतात आणि त्यांत दुसरे अग्रेषण किंवा पुनर्निर्देशन असल्यास दोन्ही एकमेकांवर आदळतात. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे पान दिसते पण त्याची सजावट व चित्रे दिसत नाहीत. ब्राउझर सापेक्ष पत्ते आपल्याला ठाऊक असलेल्या मूळ पत्त्यापासून मोजतो, तर पान दुसऱ्याच कप्प्यातून आलेले असते, हे त्यामागील कारण होय.

२००१ मधील २.३ या आवृत्तीने विनंती सर्व्हलेटपर्यंत पोहोचण्यापूर्वी तिची तपासणी करणारे फिल्टर आणले. अग्रेषित विनंतीवर फिल्टर चालावेत की नाहीत, याविषयी त्या आवृत्तीत संदिग्धता होती. २००३ मधील २.४ या आवृत्तीने ती दूर केली : वेगळे न सांगितल्यास फिल्टर फक्त बाहेरून थेट आलेल्या विनंतीवर चालतात, अग्रेषित विनंतीवर नाही. या तपशिलाला सुरक्षेच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. ‘/प्रशासन/*’ या मार्गावर ओळख तपासणारा फिल्टर बसविला, परंतु सर्वांना खुल्या असलेल्या एखाद्या सर्व्हलेटने विनंती त्या मार्गाकडे अग्रेषित केली, तर तपासणी होतच नाही. दार बंद असते, पण घरातल्या घरात जाण्याचा रस्ता उघडा राहतो.

एकच प्रवेशद्वार : प्रत्येक पत्त्यासाठी स्वतंत्र सर्व्हलेट नोंदविणे जिकिरीचे होऊ लागल्यावर सर्व विनंत्या एकाच मुख्य सर्व्हलेटकडे आणून पुढील वाटप त्याच्यावर सोपविण्याची रचना लोकप्रिय झाली. क्रेग मॅक्लानाहन यांनी लिहिलेली स्ट्रट्स ही चौकट २००० मध्ये अपाची संस्थेकडे आली. रॉड जॉन्सन यांच्या लेखनातून उगम पावलेल्या स्प्रिंग या चौकटीची १.० ही आवृत्ती मार्च २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आता जुळणी दोनदा होऊ लागली : आधी सर्व्हलेट-धारकाची, मग चौकटीची. मुख्य सर्व्हलेट ‘/*’ या नमुन्यावर बसविल्यास त्याने दर्शनासाठी जेएसपी पानाकडे केलेले अग्रेषणही त्याच नमुन्यात सापडून त्याच्याचकडे परत येते. परिणामी आवर्तन होते किंवा ‘४०४’ मिळतो. ‘/’ या नमुन्यावर बसविल्यास जेएसपी पाने सुटतात. मात्र चित्रे व सजावटीच्या फाइली वाढून देणाऱ्या मूळ सर्व्हलेटची जागा मुख्य सर्व्हलेट घेते, त्यामुळे त्यांची वेगळी व्यवस्था करावी लागते. एका तारकाचिन्हाचा हा फरक दीर्घकाळ असंख्य विकसकांच्या डोकेदुखीचे कारण ठरला.

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांची रूबी भाषेतील रेल्स ही चौकट २००४ मध्ये व पायथन भाषेतील जँगो २००५ मध्ये प्रकाशित झाली. या दोहोंत पत्त्यांची यादी हीच अनुप्रयोगाची उघड अनुक्रमणिका असते. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेस सादर केलेल्या प्रबंधात पत्ता हा फाइलीचा वा आज्ञावलीचा नसून एखाद्या संकल्पित वस्तूचा असतो, असा विचार मांडला होता. पुढील काळातील पत्तारचनेवर त्याची छाप स्पष्ट दिसते. रेल्स व जँगो यांत यादीतील प्रथम जुळणारी नोंद ग्राह्य धरतात. सर्व्हलेट व स्प्रिंग यांत अधिक विशिष्ट नोंद ग्राह्य असते. एका परंपरेतून दुसरीत आलेला विकसक येथे हमखास फसतो. पहिल्या परंपरेत ‘/ग्रंथ/कोणताही’ ही नोंद ‘/ग्रंथ/नवा’ हिच्या आधी लिहिली, तर दुसरीपर्यंत विनंती कधीच पोहोचत नाही.

२००९ मधील सर्व्हलेट ३.० पासून जुळणीची नोंद प्रत्यक्ष आज्ञावलीच्या मजकुरातच भाष्यरूपाने करता येऊ लागली. ती सोयीची ठरली, परंतु सर्व पत्ते एका ठिकाणी पाहण्याची सोय गेली. जावाच्या या शाखेचे व्यवस्थापन एक्लिप्स प्रतिष्ठानकडे गेल्यानंतर २०२० मध्ये तिच्या घटकांच्या नावांतील आरंभीचा शब्द ‘जावाएक्स’ ऐवजी ‘जकार्ता’ असा झाला. जुन्या नावाने भाष्य केलेले सर्व्हलेट टॉमकॅटच्या दहाव्या आवृत्तीला ओळखताच येत नाही. कोठेही चूक न दाखविता त्याचे पत्ते ‘४०४’ देतात. २०२२ मधील स्प्रिंगच्या सहाव्या आवृत्तीत ‘/ग्रंथ’ आणि ‘/ग्रंथ/’ हे पत्ते आपोआप एक मानण्याची जुनी सवलत मूळ मांडणीतून काढण्यात आली. त्यामुळे वर्षानुवर्षे चालत आलेले काही दुवे आवृत्ती बदलताच बंद पडले.

मध्यस्थ सर्व्हर : इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एनजिनएक्स या सर्व्हरचा उपयोग मुख्य अनुप्रयोगापुढे मध्यस्थ म्हणून मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. असा मध्यस्थ विनंती स्वीकारून ती आतील सर्व्हरकडे पाठवितो. म्हणजे अग्रेषण आता एकाच आज्ञावलीत न राहता दोन संगणकांमध्ये होऊ लागले. एनजिनएक्समध्ये आतील सर्व्हरचा पत्ता शेवटी तिरकी रेघ देऊन लिहिल्यास मार्गाचा जुळलेला भाग गळून त्या जागी ती रेघ येते. रेघ न दिल्यास मूळ मार्ग जसाच्या तसा जातो. मध्यस्थाने यजमानाचे मूळ नाव पुढे न कळविल्यास आतील अनुप्रयोग पुनर्निर्देशनात आपला खाजगी पत्ता देतो आणि बाहेरील ब्राउझर तेथे पोहोचू शकत नाही. सांकेतिकीकरण (एचटीटीपीएस) मध्यस्थापाशी संपत असेल, तर अनुप्रयोगाला विनंती असुरक्षित वाटते. तो सुरक्षित पत्त्याकडे पुनर्निर्देशन करतो, ती विनंती पुन्हा मध्यस्थामार्फत असुरक्षित रूपातच आत येते, आणि हे चक्र ब्राउझर कंटाळून थांबेपर्यंत चालते. मूळ विनंतीची ही माहिती पुढे नेणारे शीर्षक जून २०१४ मध्ये प्रमाणित झाले. मात्र त्याआधीपासून प्रचारात असलेली अनौपचारिक शीर्षकेच अधिक वापरात राहिली.

याच सुमारास पत्ता-जुळणीचा काही भाग ब्राउझरकडेही गेला. पान न बदलता पत्तापट्टीतील पत्ता बदलण्याची सोय ब्राउझरमध्ये झाल्यावर असे पत्ते निर्माण झाले की जे सर्व्हरला ठाऊकच नसतात. दुव्यावरून जाता पान दिसते, पण ताजे करताच ‘४०४’ येतो, हे त्याचे लक्षण होय.

सुरक्षितता : एकाच पत्त्याचे दोन अर्थ लागणे केवळ गैरसोयीचे नसते. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरमध्ये ऑक्टोबर २००० मध्ये उघडकीस आलेल्या त्रुटीत तिरक्या रेघेचे सदोष सांकेतिक रूप पत्त्यात घातल्यास सर्व्हरची तपासणी चुकविता येई आणि निषिद्ध कप्प्यांत जाऊन आज्ञा चालविता येत. पत्ता आधी तपासून मग उलगडला जात होता, हे तिचे मर्म होते. त्रुटीवरील उपाय उपलब्ध असूनही तो अनेकांनी योजला नव्हता. सप्टेंबर २००१ मध्ये पसरलेल्या निम्डा या उपद्रवी आज्ञावलीने ज्या मार्गांचा फायदा घेतला, त्यांत ही त्रुटीही होती. याच जातीचा दोष वीस वर्षांनी पुन्हा आढळला. अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत पत्ता सरळ करण्याची पद्धत बदलली गेली. ‘वरच्या कप्प्यात जा’ असे सुचविणारी टिंबे सांकेतिक रूपात लिहिल्यास ती त्या पद्धतीच्या नजरेतून सुटत. ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेली पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, कारण टिंबे दोनदा सांकेतिक केल्यास तीही चुकविता येत होती. काही दिवसांतच २.४.५१ ही आवृत्ती काढावी लागली. पत्ता एकदाच उलगडावा आणि उलगडल्यानंतरच तपासावा, हा नियम या घटनांतून अधोरेखित होतो.

देवनागरी पत्ते : पत्त्यात रोमन लिपीबाहेरील अक्षरे यूटीएफ-८ या पद्धतीने बाइटांत रूपांतरित करून प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन चिन्हांनी लिहितात. ‘पुणे’ या शब्दात स्वरचिन्हांसह चार घटक असून त्यांचे बारा बाइट व पत्त्यात छत्तीस चिन्हे होतात. मराठी विकिपीडियातील लेखांचे पत्ते याच पद्धतीचे आहेत. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत हे बाइट मूळ मांडणीत पश्चिम युरोपीय लिपिसंकेताने वाचले जात. त्यामुळे देवनागरी नावाऐवजी निरर्थक चिन्हे मिळून जुळणी फसे. आठव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच मूळ मांडणी झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘.भारत’ या नामक्षेत्रात यजमानाच्या नावासाठी मात्र वेगळीच रूपांतरपद्धती वापरतात, म्हणजे एकाच पत्त्याच्या दोन भागांना दोन नियम लागतात. मराठीत ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा रकार संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविता येतो. रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण बाइट भिन्न असल्याने सर्व्हरच्या दृष्टीने ते भिन्न पत्ते ठरतात. तुलनेपूर्वी दोन्ही रूपांचे एकीकरण करणे हाच त्यावरील उपाय होय.

दोषशोधनाची पद्धत : वरील इतिहासावरून दोषशोधनाचे मुख्य सूत्र हाती लागते : विनंती बाहेरून आत ज्या थरांतून जाते त्याच क्रमाने तिचा माग काढावा, आणि प्रत्येक थरात ती कोणत्या रूपात आली व कोणत्या रूपात पुढे गेली, हे पाहावे. प्रथम ब्राउझरच्या पानावरील मजकुराऐवजी प्रत्यक्ष स्थितिक्रमांक व शीर्षके तपासतात. त्यासाठी ब्राउझरमधील विकसकांची साधने किंवा १९९८ पासून प्रचारात असलेली ‘कर्ल’ ही आज्ञावली उपयोगी पडते. ‘४०५’ हा क्रमांक पत्ता जुळला पण विनंतीचा प्रकार मान्य नाही असे सांगतो. ‘५०२’ मध्यस्थाला आतील सर्व्हरकडून योग्य उत्तर मिळाले नाही असे सुचवितो. ‘३०१’ हे कायमचे पुनर्निर्देशन ब्राउझर लक्षात ठेवतो. त्यामुळे सर्व्हरवरील चूक दुरुस्त झाल्यावरही ती जुन्या ब्राउझरमध्ये दिसत राहते व चाचणी कोऱ्या अवस्थेत करावी लागते.

त्यानंतर ‘४०४’ नेमका कोणी दिला हे ठरवितात. मध्यस्थ, सर्व्हलेट-धारक व चौकट यांची चुकीची पाने सहसा निराळी दिसतात. मध्यस्थ टाळून आतील सर्व्हरला थेट विनंती केल्यास दोषाचे क्षेत्र निम्म्यावर येते. पुढची पायरी म्हणजे अनुप्रयोग खरोखर सुरू झाला आहे काय व त्याने कोणते पत्ते नोंदविले आहेत, हे पाहणे. रेल्समध्ये त्यासाठी एक आज्ञा आहे, स्प्रिंगमध्ये नोंदलेल्या जुळण्यांची यादी मिळविता येते आणि अपाचीच्या २.४ या आवृत्तीत पुनर्लेखनाची प्रत्येक पायरी नोंदवहीत उतरविता येते. सर्वांत शेवटी अग्रेषण, फिल्टर व पानातील सापेक्ष पत्ते तपासतात. एका वेळी एकच बदल करणे व प्रत्येक बदलानंतर तीच विनंती पुन्हा पाठविणे आवश्यक असते. अनेक बदल एकदम केल्यास दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही आणि तो पुन्हा उद्‌भवतो. एकच विनंती अनेक संगणकांतून जात असल्यास तिला ओळखचिन्ह देऊन सर्व नोंदवह्यांत त्याचा शोध घेतात. या चिन्हाचे सर्वमान्य रूप वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०२० मध्ये ठरविले.

पत्त्यांचे स्थैर्य : पत्ता फाइलीपासून सुटा झाला, याचा खरा लाभ असा की आतील रचना कितीही बदलली तरी बाहेरील पत्ता तोच ठेवता येतो. चांगला पत्ता बदलत नाही, असे बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रहाने प्रतिपादिले होते आणि पत्त्यात आज्ञावलीचे, तंत्राचे वा विभागाचे नाव घालू नये असे सुचविले होते. व्यवहारात मात्र सर्व्हर किंवा चौकट बदलताना जुने पत्ते अनेकदा वाऱ्यावर सोडले जातात. हार्व्हर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत उल्लेखिलेल्या वेब-पत्त्यांपैकी निम्म्या पत्त्यांवर मूळ माहिती उरलेली नव्हती. तेथील कायदेविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. न्यायनिर्णयाचा आधारच वाचकाला पडताळून पाहता येत नसेल, तर त्या निर्णयाचे आकलनही अपुरे राहते. जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे ‘३०१’ किंवा ‘३०८’ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन ठेवणे व हेतुपुरस्सर काढलेल्या पानासाठी ‘४१०’ हा क्रमांक देणे, ही साधने त्यासाठी नियमावलीतच उपलब्ध आहेत. संकेतस्थळाची रचना बदलण्यापूर्वी सर्व जुन्या पत्त्यांची यादी करणे आणि बदलानंतर त्यांतील प्रत्येक पत्ता तपासणे, हा पत्ता-जुळणीच्या कामाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.